निळ्या वलयातलं लोखंड

प्लास्टिकच्या निळ्या बादलीला रंग देणारा रेणू आणि हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन पुरवून त्याचं पाणी करणारा रेणू, या दोघांचा सांगाडा एकच असू शकतो. फरक मधल्या धातूचा. मध्ये तांबं असेल तर उन्हापावसाला दाद न देणारं रंगद्रव्य. लोखंड असेल तर उत्प्रेरक. या वलयाचं नाव थॅलोसायनिन. वडोदऱ्यात राहणाऱ्याला ते अजिबात परकं वाटू नये. दक्षिणेला अंकलेश्वर-पानोळी, उत्तरेला अहमदाबादचं वटवा, या पट्ट्यात ‘सीपीसी ब्लू’ हा शब्द कारखान्यातल्या हेल्परपासून दलालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. सीपीसी म्हणजे कॉपर थॅलोसायनिन.

रंगांच्या रसायनाशी या शहराचं नातं त्याहूनही जुनं. सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जरांनी इथे कलाभवन उभं केलं आणि तिथे रंगकाम व रासायनिक तंत्र शिकवायला सुरुवात झाली. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या पुढाकाराने अलेम्बिक सुरू झाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं. कलाभवन त्याच्या तंत्रशाखेत सामावलं. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांमधून मुलं आजही त्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला जातात. त्यांतलं कोणी इलेक्ट्रोकेमिस्ट्रीकडे वळलं आणि फ्युएल सेलमध्ये (इंधन न जाळता त्यापासून थेट वीज देणाऱ्या सेलमध्ये) ऑक्सिजनचं पाणी करणाऱ्या महागड्या प्लॅटिनमला पर्याय शोधू लागलं, तर त्याला उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे. एक गोष्ट मला त्याला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक चूक उत्प्रेरकाला आहे त्यापेक्षा चांगला दाखवते. वाईट दाखवणाऱ्या चुका माणूस आपणहून शोधतो. चांगलं दाखवणाऱ्या चुकांचे आलेख छापून येतात.

आधी रेणू. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात थॅलिक अनहायड्राइड वितळवून त्यात अमोनिया सोडत होते. बनवायचं होतं थॅलिमाइड. भांड्याच्या आतलं काचेचं अस्तर तडकलं होतं आणि बाहेरचं पोलाद उघडं पडलं होतं. पांढऱ्या मालात निळसर-हिरवी घाण दिसू लागली. ती घाण म्हणजे आयर्न थॅलोसायनिन. लोखंड भांड्यातूनच आलं होतं. रसायनशास्त्रज्ञ लिन्स्टेड यांनी १९३४ मध्ये रचना उलगडली. चार आयसोइंडोल, त्यांना जोडणारे चार नायट्रोजन आणि मधल्या पोकळीकडे तोंड केलेले आणखी चार नायट्रोजन. त्या आतल्या चार नायट्रोजनांच्या मखरात धातूचा एक अणू बसतो. १९३५ पासून तांब्याचं रंगद्रव्य बाजारात आलं आणि पुढची तीस वर्षं जगाने या रेणूकडे रंग म्हणूनच पाहिलं.

१९६४ मध्ये रेमंड जॅसिन्स्की यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. कोबाल्ट थॅलोसायनिन अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिजनचं क्षपण करतं आणि फ्युएल सेलच्या कॅथोडवर वापरता येतं, एवढंच त्यात होतं. धातू-मॅक्रोसायकल, म्हणजे मोठ्या वलयात धातू बसवलेल्या, उत्प्रेरकांचं सगळं शास्त्र तिथून सुरू होतं.

मूळ कल्पना तर निसर्गात आधीपासून होतीच. हिमोग्लोबिनमधलं हीम म्हणजे पॉर्फिरिनच्या वलयात (थॅलोसायनिनसारख्याच, आत चार नायट्रोजन असलेल्या) बसवलेलं लोखंड. पेशींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हीम आणि शेजारचं तांबं यांच्या जोडीने ऑक्सिजनचं थेट पाणी करतं, वाटेत पेरॉक्साइड सुटू देत नाही. हे ‘सुटू न देणं’ सगळ्यात अवघड. ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन मिळाले तर पाणी होतं, त्याचं प्रमाण विभव १.२३ व्होल्ट. दोनच मिळाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि तिथे विभव ०.७० व्होल्टच्या आसपास. अर्ध्या वाटेत उतरलं की ऊर्जाही अर्धीमुर्धी हाती येते, आणि मागे राहिलेलं पेरॉक्साइड उत्प्रेरकालाच खाऊ लागतं.

कोणत्या धातूवर काय होतं, याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. लोखंड दोन-संयुजी अवस्थेत ऑक्सिजनचा एक टोकाचा अणू धरतं आणि आपल्या डी-कक्षेतले इलेक्ट्रॉन त्याच्या प्रतिबंधी कक्षेत ढकलतं. दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध सैल होऊन तुटतो. अल्कधर्मी द्रावणात आयर्न थॅलोसायनिन म्हणूनच जवळजवळ चार इलेक्ट्रॉनांची वाट धरतं. कोबाल्टची पकड सैल. ऑक्सिजन येतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि बंध शाबूत ठेवून पेरॉक्साइड म्हणून निघून जातो. ज्यांना पेरॉक्साइडच हवं असतं त्यांच्यासाठी कोबाल्ट उत्तम. तांबं आणि निकेल ऑक्सिजनला नीट धरतच नाहीत, त्यामुळे अंकलेश्वरच्या निळ्याचा कॅथोडवर फारसा उपयोग नाही. कोबाल्टला चार इलेक्ट्रॉनांपर्यंत न्यायचं तर दोन पॉर्फिरिन समोरासमोर बांधून ऑक्सिजनला दोन धातूंच्या मध्ये पकडावं लागतं. कोलमन आणि ॲन्सन यांनी १९८० मध्ये ते करून दाखवलं. फार सुंदर काम, पण तो रेणू बनवायला इतका कष्टाचा की ग्रॅमच्या भाषेत त्याच्याबद्दल बोलताच येत नाही.

चिलीतले होसे सागाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं एक धागा धरून आहेत: धातूचं तीन-संयुजी ते दोन-संयुजी संक्रमण कोणत्या विभवाला होतं, त्यावर त्या रेणूची सक्रियता अवलंबून असते. वलयाच्या कडेला फ्लोरीन किंवा नायट्रो असे इलेक्ट्रॉन ओढणारे गट लावले की ते विभव वर सरकतं. अमिनो किंवा मिथॉक्सी लावले की खाली. धातूच्या पाठीमागून, म्हणजे ऑक्सिजनच्या विरुद्ध बाजूने, पिरिडिनसारखा पाचवा नायट्रोजन जोडला की लोखंडाचा स्वभाव आणखी बदलतो. कार्बन नॅनोट्यूबला पिरिडिन बांधून त्यावर आयर्न थॅलोसायनिन बसवण्याचं २०१३ मधलं काम याच विचारातून आलं. धातू, कडेचे गट, पाठीमागचा नायट्रोजन: तीन कळा स्वतंत्रपणे फिरवता येतात. मला या रेणूंचं आकर्षण वाटतं ते मुख्यतः याचमुळे. प्लॅटिनमच्या कणाला अशा कळा नसतात.

आता बनवण्याकडे. कारखान्याची वाट युरियाची आहे आणि प्रयोगशाळेतही ती चालते. १० मिलिमोलचा हिशोब असा: थॅलिक अनहायड्राइड ४० मिलिमोल, म्हणजे ५.९ ग्रॅम, चार पाण्याचं फेरस क्लोराइड १० मिलिमोल, म्हणजे २ ग्रॅम, युरिया भरपूर जास्त, १२ ग्रॅम, आणि अमोनियम मॉलिब्डेट चिमूटभर, ०.१ ग्रॅम. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात १८० ते १९० अंशांवर चार तास. भांडं मालाच्या निदान चौपट मोठं घ्यावं. युरिया फुटताना फेस जोरात चढतो आणि अमोनिया सुटतो, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच करायचं. कंडेन्सरच्या नळीत पांढरा थर साठत जाऊन वाट बंद होते, त्यावर नजर ठेवावी लागते. मॉलिब्डेट विसरलं तर हिरवट-तपकिरी चिखल मिळतो. फेरस क्लोराइड जुनं असेल, पावसाळ्यात बाटली उघडीच राहिली असेल, तर ते पिवळट पडतं. त्यातलं बरंचसं लोखंड वलयात न शिरता ऑक्साइड होऊन मालात राहतं.

जास्त स्वच्छ माल हवा असेल तर थॅलोनायट्राइल घ्यावं: ४ मिलिमोल, म्हणजे ५१२ मिलिग्रॅम, आणि १ मिलिमोल लोखंडाचं क्षार, पेंटॅनॉलमध्ये, डीबीयू हे आम्लारी घालून, नायट्रोजनखाली उकळत. महाग पडतं, पण धुणं निम्म्यावर येतं.

धुण्यात घाई करू नये. आधी गरम पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल: सुटं लोखंड जातं. मग गरम पातळ कॉस्टिक: न झालेलं थॅलिक आणि थॅलिमाइड जातं. मग पाणी, अगदी उदासीन होईपर्यंत. शेवटी सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) मिथेनॉल किंवा ॲसिटोन, खालचं द्रावण रंगहीन दिसेपर्यंत. माल कोणता झाला ते तीन ठिकाणी बघावं. इन्फ्रारेडमध्ये सेंटिमीटरमागे २२३० तरंगांच्या आसपासचा नायट्राइलचा पट्टा दिसायला नको. ३२९० जवळ एन-एचचा पट्टा दिसला तर धातू न शिरलेलं रिकामं वलय आहे. दृश्य वर्णपटात ६५० ते ६७० नॅनोमीटरच्या दरम्यान क्यू-पट्टा, म्हणजे या वलयाचा ठळक शोषण-पट्टा, दिसायला हवा. आणि लोखंडाचं प्रमाण मोजावं. शुद्ध आयर्न थॅलोसायनिनमध्ये लोखंड वजनाने ९.८ टक्के. ११ आलं तर ते आनंदाचं कारण नाही, ऑक्साइड राहिलंय.

हा रेणू एकट्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून कार्बनवर बसवायचा. किती बसवायचा याचा हिशोब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे, कारण त्याने बऱ्याच गोष्टी उघड होतात. एक रेणू सपाट पडला तर साधारण २ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. व्हल्कन या बारीक कार्बन-पुडीचं पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे २५० चौरस मीटर. भागाकार केला तर एका ग्रॅमवर १.२५ गुणिले १०चा २०वा घात इतके रेणू मावतात, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम. कार्बनच्या बारीक छिद्रांत एवढा मोठा रेणू शिरतच नाही, तेव्हा खरी मर्यादा त्याहूनही खाली. थोडक्यात, वजनाने दहा टक्क्यांच्या पुढे घातलेला रेणू रेणूवर चढतो. थर लागतात, आतले रेणू ना विजेला लागतात ना ऑक्सिजनला. तीस-तीस टक्के घालून ‘प्रत्येक लोखंडामागे सक्रियता’ काढणाऱ्यांचे आकडे कमी येतात ते यामुळे. आणि स्वच्छ एकथरी नमुना बनवणाऱ्याला त्याच रेणूतून दुप्पट-तिप्पट काम मिळतं.

बसवण्यासाठी डायमिथिलफॉर्मअमाइड किंवा टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये रेणू विरघळवावा. विरघळतो थोडाच, पण पुरतो. त्यात कार्बन घालून अर्धा तास अल्ट्रासॉनिक, मग रात्रभर ढवळणं, गाळणं, आणि ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये वाळवणं. गाळलेलं द्रावण निळं आलं तर सगळा रेणू कार्बनवर गेलेला नाही, हे लक्षात ठेवून आकडे दुरुस्त करावेत. नुसतं बाष्पीभवन करून सुकवलं तर वजन बरोबर येतं, पण उरलेला रेणू कार्बनच्या बाहेर स्फटिक होऊन बसतो.

आता मोजमाप, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे.

आधी उत्प्रेरकाची शाई: ५ मिलिग्रॅम उत्प्रेरक, १ मिलिलिटर पाणी-आयसोप्रोपेनॉलचं मिश्रण, त्यात पूड बांधून ठेवणाऱ्या नॅफिऑन बहुवारिकाच्या ५ टक्के द्रावणाचे २० ते ४० मायक्रोलिटर. बर्फाच्या पाण्यात अर्धा तास सॉनिकेशन. बर्फ नसेल तर भांडं तापतं, अल्कोहोल उडतं आणि शाई घट्ट होते. मोजताना द्रावणात फिरवायच्या इलेक्ट्रोडच्या टोकावर, ५ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनवर, म्हणजे ०.१९६ चौरस सेंटिमीटरवर, १० मायक्रोलिटर सोडले की चौरस सेंटिमीटरमागे ०.२५ मिलिग्रॅम चढतं. इलेक्ट्रोड आधी ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनावर घासून, पाण्यात सॉनिकेट करून घ्यावा. थेंब स्थिर ठेवून वाळवला तर माल कडेला जमून मधला भाग उघडा राहतो. उलटा धरून मंद फिरवत वाळवला तर थर सपाट येतो. थर कसा आलाय हे डोळ्यांनी बघूनच पुढे जावं. खराब थरावर केलेलं मोजमाप कोणत्याही गणिताने सुधारत नाही.

द्रावण: ०.१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड. बाजारात मिळणाऱ्या गोळ्या साधारण ८५ टक्के शुद्ध. उरलेलं बहुतेक पाणी. म्हणून लिटरला ५.६ नव्हे, ६.६ ग्रॅम लागतात. आता समजा त्या गोळ्यांमध्ये दहा लाखात पाच भाग लोखंड आहे. लिटरमध्ये ३३ मायक्रोग्रॅम, १०० मिलिलिटरच्या सेलमध्ये ३.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५९ नॅनोमोल. आणि इलेक्ट्रोडवर? दहा टक्क्यांच्या नमुन्याचे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम रेणू, म्हणजे ८.८ नॅनोमोल लोखंड. द्रावणात इलेक्ट्रोडच्या सहापट लोखंड तरंगतंय. कोबाल्टचा किंवा ‘धातूविरहित’ वलयाचा प्रयोग अशा द्रावणात करून निष्कर्ष काढणं म्हणजे अंधारात रंग ओळखणं आहे. उच्च शुद्धतेचं रसायन घ्यावं, आणि धातू नसलेल्या वलयाचा कोरा प्रयोग प्रत्येक नव्या बाटलीबरोबर करावा.

परिपथ पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा नको, ग्रॅफाइटचा हवा. प्लॅटिनमची तार ॲनोड म्हणून काम करताना किंचित विरघळते आणि तो धातू फिरत्या इलेक्ट्रोडवर येऊन बसतो. आम्लात हे जास्त, पण अल्कधर्मीतही बिनधोक नाही. हजारो आवर्तनांनंतर उत्प्रेरक ‘सुधारला’ असं दिसलं, तर पहिला संशय तारेवर घ्यावा. संदर्भ इलेक्ट्रोड अल्कधर्मी द्रावणासाठी मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा. सिल्व्हर क्लोराइडचा वापरला तर क्लोराइड झिरपून धातूच्या जागेवर चिकटतो आणि इलेक्ट्रोड स्वतःही सरकतो. इथली विभवं उलट करण्यायोग्य हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरून सांगतात, पण पुस्तकातला आकडा घालून त्यावर रूपांतर करू नये; त्याच द्रावणात हायड्रोजन सोडून, स्वच्छ प्लॅटिनमवर शून्य कुठे येतं ते मोजावं. पीएचमध्ये एका एककाची चूक ५९ मिलिव्होल्ट, आणि या क्षेत्रात ३० मिलिव्होल्टांवर शोधनिबंध लिहिले जातात.

ऑक्सिजन अर्धा तास सोडून द्रावण संपृक्त करावं आणि मोजताना वरून सोडत राहावं. आधी नायट्रोजनमध्ये कोरी रेषा घेऊन वजा करावी. द्रावणाच्या रोधाची दुरुस्ती करावी. विभव सेकंदाला ५ ते १० मिलिव्होल्ट वेगाने सरकवावं. मिनिटाला १६०० फेऱ्यांवर, २५ अंशांवर, चार इलेक्ट्रॉनांचा मर्यादा-प्रवाह (ऑक्सिजन इलेक्ट्रोडपर्यंत जेवढा पोहोचतो तेवढाच मिळणारा प्रवाह) चौरस सेंटिमीटरला साधारण ५.७ मिलिअँपिअर यायला हवा. दोन इलेक्ट्रॉनांचा त्याच्या निम्मा. ४.५ वर सपाट झाला तर थर नीट नाही किंवा वाट मिश्र आहे. ७ आला तर भौमितिक क्षेत्रफळ किंवा फेऱ्या चुकल्यात. तो आकडा भौतिकशास्त्राला मान्य नाही.

इथे वडोदऱ्याचा उन्हाळा मध्ये येतो. मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असेल तर द्रावणातला ऑक्सिजन घटतो, पण त्याचं विसरण वाढतं आणि द्रावणाची श्यानता उतरते. एकूण मर्यादा-प्रवाह काही टक्क्यांनी वाढतोच, शिवाय अभिक्रियाही वेगाने चालते. जानेवारीत केलेला नमुना आणि मेमध्ये केलेला नमुना शेजारी ठेवून तुलना केली की मेचा जिंकतो. पाण्याचं आवरण असलेला सेल आणि २५ अंशांचा सर्क्युलेटर ही चैन नव्हे.

पेरॉक्साइड मोजायला वलय-चकती इलेक्ट्रोड: मधल्या चकतीवर उत्प्रेरक, तिच्याभोवती वेगळा वलयाकार इलेक्ट्रोड (हे वलय रेणूतलं नव्हे). वलय १.२ ते १.३ व्होल्टवर धरायचं. चकतीवर सुटलेल्या पेरॉक्साइडपैकी किती वलयाला लागतं, तो पकड-गुणांक फेरिसायनाइडने स्वतः मोजावा, ०.३७ लिहून आलं असेल तरी मोजावा, कारण जाड थराने आणि शाई सांडल्याने तो बदलतो. चकतीचा प्रवाह १ मिलिअँपिअर, वलयाचा ०.०१०, गुणांक ०.३७ असेल तर पेरॉक्साइड ५.३ टक्के आणि इलेक्ट्रॉन ३.८९. गुणांकाने भागायचं विसरलं तर पेरॉक्साइड २ टक्केच दिसतं. इथेही चूक खुशामतच करते.

त्याहून अवघड भाग थराच्या जाडीचा. चौरस सेंटिमीटरला ०.६ मिलिग्रॅम चढवलं की आतल्या थरात सुटलेलं पेरॉक्साइड बाहेर पडता पडता दुसऱ्या लोखंडाला गाठतं आणि त्याचं पाणी होतं. वलयाला काहीच कळत नाही. ‘चार इलेक्ट्रॉन’ असं म्हणायचं तर ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमवर पुन्हा मोजून दाखवावं. पातळ थरात पेरॉक्साइड वाढलं तर वाट दोन अधिक दोन अशी आहे. आणि प्लॅटिनमशी तुलना करताना प्लॅटिनम किती घेतलं ते लिहावं. २० मायक्रोग्रॅम प्लॅटिनमशी ६०० मायक्रोग्रॅम कार्बन-लोखंडाची बरोबरी करून ‘प्लॅटिनमपेक्षा सरस’ म्हणायला लोक कचरत नाहीत. अल्कधर्मी द्रावणात चांगल्या आयर्न थॅलोसायनिनचं अर्ध-तरंग विभव, म्हणजे प्रवाह मर्यादेच्या निम्म्यावर येतो ते विभव, ०.८५ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान येतं, ते प्लॅटिनमच्या खांद्याला खांदा लावूनच आहे. अतिशयोक्तीची गरजच नाही.

आम्लात मात्र चित्र वेगळं. तिथे वलयाचे नायट्रोजन प्रोटॉन घेतात, लोखंड निसटतं, आणि सुटलेलं लोखंड पेरॉक्साइडला गाठून फेंटन अभिक्रियेने हायड्रॉक्सिल मूलक बनवतं. ते मूलक उरलेल्या वलयांना, कार्बनला आणि पडद्यालाही चावतात. प्रोटॉन-पडद्याच्या फ्युएल सेलमध्ये कच्चा रेणू फार काळ तगत नाही.

यावरचा उपाय जर्मनीत, बॉशच्या प्रयोगशाळेत, यान्के आणि सहकाऱ्यांनी सांगितला. त्यांचा १९७६ मधला आढावा आजही वाचण्यासारखा आहे. कार्बनवर बसवलेला रेणू निष्क्रिय वायूत तापवा; सक्रियता आणि टिकाऊपणा दोन्ही वाढतात. साधारण ६०० ते ७०० अंशांत सक्रियता शिखरावर, ८०० ते ९०० मध्ये टिकाऊपणा. त्याच्या वर लोखंडाचे अणू एकत्र येऊन धातूचे आणि कार्बाइडचे कण होतात. करताना ॲल्युमिना बोट (होडीच्या आकाराचं भांडं), ट्यूब फर्नेस, आधी तासभर वायू सोडून हवा हाकलणं, मिनिटाला ५ अंशांनी चढ. सील गळत असेल तर कार्बन जळतो आणि बोटीत तांबूस राख उरते. तापमान चढवण्याचा वेग जास्त असेल किंवा रेणू कार्बनला नीट चिकटलेला नसेल तर तो फुटण्याआधीच उडून नळीच्या थंड टोकाला निळा-जांभळा थर होऊन बसतो. मग नमुन्यात लोखंड किती उरलं ते मोजल्याशिवाय पुढे जाणं व्यर्थ. नंतर ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात ८० अंशांवर आठ तास धुऊन सुटे कण काढायचे, आणि पुन्हा एकदा तापवायचं.

मग प्रश्न उरतो: ५०० अंशांच्या पुढे वलय तर मोडलं, मग काम कोण करतंय? १९८९ मध्ये गुप्ता, ट्रिक, येगर आणि सहकाऱ्यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइल आणि साधं कोबाल्ट-लोखंडाचं क्षार एकत्र तापवून तसाच उत्प्रेरक मिळवला. महागडं वलय लागलंच नाही. नायट्रोजन, कार्बन, धातू आणि उष्णता पुरली. बरीच वर्षं वाद चालला की खरं काम कार्बनमध्ये गुंडाळलेल्या धातूच्या कणांचं की नायट्रोजनचं. २०१५ मध्ये झितोलो, जाऊएन आणि सहकाऱ्यांनी धातूचे कण जवळजवळ नसलेल्या नमुन्यांवर क्ष-किरण शोषण वापरून दाखवलं की लोखंडाभोवती चार नायट्रोजन आहेत आणि त्यांची मांडणी पॉर्फिरिनसारखीच आहे. मोडलेल्या मालातून कार्बनच्या पत्र्यात तीच चौकट पुन्हा उभी राहते.

माझं मत असं की दोन्ही कामं वेगळी धरावीत. गाडीतल्या फ्युएल सेलसाठी आम्लात टिकणारा माल हवा असेल तर तापवावंच लागेल, आणि मग थॅलोसायनिनपासून सुरुवात करण्याचं कारण उरत नाही. स्वस्त क्षार आणि नायट्रोजन असलेलं कोणतंही बहुवारिक चालेल. पण ऑक्सिजन नेमका कसा तुटतो हे समजून घ्यायचं असेल तर रेणू जाळू नये. ज्याचा प्रत्येक अणू ठाऊक आहे असा उत्प्रेरक हाती असताना त्याचा कोळसा करून मग क्ष-किरणांनी तो पुन्हा शोधत बसणं मला पटत नाही. कच्च्या रेणूला अल्कधर्मी द्रावण मानवतं. तिथेच त्याला वापरावं.

अशी एक जागा जस्त-हवा बॅटरीची. कॅथोडसाठी टेफ्लॉनचं अस्तर असलेला कार्बन पेपर, ८० अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवून त्यावर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम बसेल इतकी शाई फवारायची. समोर घासून चकचकीत केलेला जस्ताचा पत्रा. मध्ये ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्यात ०.२ मोलर झिंक ॲसिटेट. सैद्धांतिक विभव १.६६ व्होल्ट, उघड्या परिपथावर १.४ च्या वर मिळालं तर जुळणी ठीक. १.२ च आलं तर बहुधा कॅथोड भिजलाय: पेपरचं अस्तर फाटलंय किंवा शाईत नॅफिऑन जास्त झालंय, द्रावण पलीकडे झिरपतंय आणि हवेची वाट बंद झालीय.

या द्रावणाचा समतोल साठ ते सत्तर टक्के आर्द्रतेशी असतो. मेमधल्या दुपारी वडोदऱ्याची हवा त्याहून खूपच कोरडी असते, तेव्हा सेल सुकतो. जुलैत हवा पाणी देऊ लागते, द्रावण फुगतं आणि कॅथोड बुडतो. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात कार्बोनेट बनवतो आणि त्याचे स्फटिक पेपरच्या छिद्रांत अडकतात. हवेच्या तोंडाशी सोडा-लाइमची नळी लावावी, आणि छिद्रांचं क्षेत्रफळ ज्या प्रवाहाची गरज आहे तेवढंच ठेवावं. पुन्हा चार्ज होणारा सेल करायचा असेल तर त्याच कॅथोडवर चार्जिंग करू नये; त्या विभवाला कार्बन आणि वलय दोन्ही ऑक्सिडीकृत होतात. चार्जिंगसाठी निकेलच्या जाळीचा तिसरा इलेक्ट्रोड द्यावा आणि हवेचा कॅथोड त्या वेळी परिपथातून काढून टाकावा.